तिसऱ्या कोठडीतलं चित्र

२९ एप्रिल १९६२, रविवार

भाऊजी आले नि सांगून गेले. विचारलं नाही — सांगितलं. एक तारखेला जुन्या जेलात चित्रांचं प्रदर्शन उघडायचंय, तुम्ही पहिल्या रांगेत बसायचं, पांढरं पातळ नेसायचं. "वैनी, तुमाला बोलायचं काय न्हाय. निस्तं बसायचं." चहा टाकते म्हटलं तर थांबले नाहीत. बाहेर सोसायटीची जीप उभी होती.

तुळजाच्या वडलांना निजामानं त्या जेलात घातलं तेव्हा हे भाऊजी म्हणजे मिसरूड फुटलेलं पोर होतं. आईच्या पदराआड लपायचं. आता बलभीमराव झालेत. सोसायटीचे चेअरमन, आणि नव्या झेडपीला उभं राहायचं घाटतंय. सगळं नळदुर्ग त्यांना नमस्कार घालतं. मला मात्र अजून कळत नाही की माझ्या अंगावर कुठलं पातळ असावं हे त्यांनी का ठरवावं.

एक गोष्ट बोलता बोलता निसटली त्यांच्या तोंडून. तिसऱ्या कोठडीत ह्यांचं मोठं चित्र लावणार आहेत. सोलापूरच्या पेंटरनं काढलंय.

तुळजा तेव्हापासून घरात नुसती भिंगरीसारखी फिरतेय. तिनं वडलांना पाहिलेलंच नाही. ह्यांचा एकही फोटो नाही कुठं. लग्नात काढला नाही, नंतर काढायचा राहिला, मग माणूसच राहिला नाही. पोरगी चौदाची होईल आता आषाढात. "आई, मी बाबांना बघणार," म्हणते.

१ मे, मंगळवार

बसले. पांढरं पातळ नेसून बसले.

जेल पांढऱ्या चुन्यानं रंगवलाय. निजाम गेल्यावर काही वर्षं तो सोसायटीचं गोदाम होता, त्यामुळं आत अजून ज्वारीच्या पोत्यांचा वास येतो. भिंतींना मांजरपाट लावलंय आणि त्यावर चित्रं. किल्ल्याचं चित्र, पाणीमहालाचं चित्र, बोरी नदीचा धबधबा, एक बाई दळताना, एक बाई पाणी भरताना, एक बैल. एकेका कोठडीत चार-चार. लोक चित्रं बघायला आलेच नव्हते मुळी. कोठड्या बघायला आले होते. बाया वाकून आत बघायच्या नि "अगं बाई, एवढ्यात माणूस राहायचा?" म्हणून पुढं जायच्या. एक नवं जोडपं होतं. त्यानं तिला आत घालून गजाचं दार लावलं आणि दोघं हसत सुटले. मी बघतच राहिले. मला त्यांचा राग यायला हवा होता असंही नाही. त्यांना कुठं काय माहीत. पण आला.

मी त्या दाराशी एकदाच आले होते. चौदा वर्षांपूर्वी, पोटुशी होते. आत सोडलं नाही. हे लांबून दिसले, हात वर केला त्यांनी. तेवढंच.

भाषणं झाली. प्रदर्शनाच्या कमिटीचे अध्यक्ष उत्तरेश्वर अण्णा ह्यांच्याबरोबर तुरुंगात होते. ते म्हणाले की फटक्यांनी पाठ फुटली पण ओठांतून नाव फुटलं नाही. टाळ्या. सगळे माझ्याकडं बघत होते, मी रडते का म्हणून.

मग तिसरी कोठडी.

चित्र दाराएवढं आहे. एक उघडाबंब माणूस खांबाला बांधलेला, छाती अशी रुंद, मिशा पिळदार, डोळे आभाळाकडं. बाजूला शिपाई. दाढीवाला, लाल डोळ्यांचा, हातात चाबूक. खाली लिहिलंय — हुतात्मा महारुद्र. तुळजा माझा हात घट्ट धरून उभी होती. तिच्या डोळ्यांतून पाणी. लोकांनी हार घातला. भाऊजींनी वाकून नमस्कार केला, मग तुळजाला वाकायला लावलं.

मी चित्राकडं बघते आणि मला काहीच होत नाही. हे तुझं माणूस, असं मनाला बजावते, तरी काही नाही. उलट वाटतं की याला आपण कालच वाढलंय.

२ मे, बुधवार

सकाळी भाकरी थापताना कळलं. चित्र भाऊजींचं आहे.

३ मे, गुरुवार

मी शिकवते त्या शाळेला सुट्टी आहे म्हणून बरं. सकाळीच जेलात गेले. पेंटर तिथंच व्हरांड्यात राहतो, महांतप्पा नाव. तिशीही गाठली नसेल. सोलापुरात सिनेमाचे बोर्ड रंगवतो. गडी भला आहे, लगेच उठून उभा राहिला, सतरंजी झटकली.

मी सरळच विचारलं, हे चित्र कुणाला बघून काढलं?

तो म्हणाला, "बलभीमराव बसले होते की समोर. फोटोच न्हाय म्हणल्यावर काय करायचं बाई? ते म्हणले, सख्खा भाऊ आहे, आमच्यात फरक न्हाय काही. मिशा तेवढ्या मी वाढवल्या."

इतक्या निरागसपणे सांगितलं की मला त्याच्यावर ओरडताही येईना.

मी म्हटलं, फरक आहे. खूप फरक आहे.

"मग सांगा तुमी. मी बदलतो. तोंडच बदलायचं तर दोन दिवसाचं काम." त्यानं कोळशाची कांडी नि कागद घेतला. "सांगा. कपाळ कसं होतं?"

मी तोंड उघडलं आणि काही आलंच नाही.

कपाळ — कपाळासारखं. नाक — ना फार लांब, ना आखूड. तो काढत गेला, पुसत गेला. असं? नाही. असं? नाही. मग कसं? मला नाही म्हणता येत होतं, कसं ते सांगता येत नव्हतं. शेवटी त्यानं कांडी खाली ठेवली आणि पाणी दिलं मला. मला त्याचं ते पाणी देणं सहन झालं नाही. उठून आले.

तीन वर्षं संसार केला या माणसाशी. त्यांचं बोलणं आठवतं. उन्हातून आले की ओट्यावर बसून पाय धुवायचे, ते आठवतं. ताक पिताना डोळे मिटायचे. चालताना एक खांदा पुढं काढायचे. पण डोळे मिटलेलं ते तोंड समोर आणायला गेलं की तिथं कुणी नाही. आणि आता तर वाईट असं की, तिथं भाऊजी येतात! मिशांसकट!

४ मे, शुक्रवार

पुन्हा गेले. पुन्हा तेच. महांतप्पानं पाच-सहा तोंडं काढली. सगळी कुणाची तरी आहेत, ह्यांचं एकही नाही.

घरी येऊन चिडचिड केली. तुळजाला सांगून टाकलं की ते चित्र खोटं आहे, तुझ्या काकांचं आहे. सांगायला नको होतं, की लवकर सांगायला हवं होतं — कळत नाही. ती भांडी घासत होती. हात थांबले. म्हणाली, "मग खरं कसं होतं?"

मी तिच्या हातातलं ताट घेऊन विसळायला लागले.

"तुला आठवत न्हाय. तुला आठवत न्हाय आणि माझे बाबा खोटे म्हणतीस?"

दुपारभर माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी एकटीच जेलात जाऊन आली. चित्राला हार घालून आली. घराच्या मोगऱ्याचा.

५ मे, शनिवार

भाऊजींना बोलावून घेतलं. म्हटलं, तुमचं तोंड काढून घ्या तिथनं.

आधी हसले. मग म्हणाले, "वैनी, कुणाला आठवतंय आता दादाचं तोंड? मलाबी नीट आठवत न्हाय. लोकान्ला एक चेहरा लागतो हात जोडायला. माझा काय वाईट हाय का?"

मग खिशातून पत्रक काढलं. अजून शाई ओली वाटत होती. वर चित्रातला तो मिशावाला, खाली भाऊजींचा फोटो, मधे ठळक अक्षरांत — 'हुतात्म्याचा भाऊ, तुमचा भाऊ.' कुणीही बघितलं तर म्हणेल, काय साम्य आहे दोघांत! असणारच.

मी म्हटलं, मतांसाठी करताय हे.

ते म्हणाले, मतांसाठी तर मतांसाठी. रस्ता आणीन, विहिरी आणीन, दादाचं नाव शाळेला देईन. त्यात दादाचंच भलं आहे. मग आवाज हळू केला. "आणि बायांसाठी जागा ठेवत्यात झेडपीत. मी आलो निवडून की तुमालाच आत घेतो. आत्ता निवडणुकीपर्यंत कळ काढा."

कळ काढा. सासूबाई असताना त्या म्हणायच्या कळ काढ. ट्रेनिंगला जाते म्हटलं तेव्हा सगळा गाव म्हणाला कळ काढ. किती काढायची ही कळ, आणि कुठं ठेवायची काढून?

तुळजानं ते पत्रक उचलून तिच्या पुस्तकात ठेवलं. मी पाहिलं.

७ मे, सोमवार

उत्तरेश्वर अण्णांकडं गेले. म्हटलं, अण्णा तरी सोबत होते, त्यांना तोंड आठवत असेल.

अण्णा पलंगावर बसून पेपर वाचत होते. मान दिला, लिंबाचं सरबत दिलं. मग पुन्हा भाषण सुरू. फटके, पाठ, ओठ. मी मधेच म्हटलं, अण्णा, त्यांचं नाक कसं होतं?

"नाक?" ते माझ्याकडं बघत राहिले. "अहो, महारुद्र म्हणजे महारुद्रच होता. चित्रात आहे तसाच होता."

मग मी दुसरं विचारलं. शेवटी काय झालं? काही बोलले का? कशानं गेले?

अण्णांनी चष्मा काढला, पुसला. मग म्हणाले की अण्णांना स्वतःला उन्हाळ्यातच गुलबर्ग्याच्या जेलात हलवलं होतं. हे गेले श्रावणात. म्हणजे अण्णा तिथं नव्हतेच. सगळं ऐकलेलं. "पण असंच झालं असणार बाई. तेव्हा असंच होत होतं सगळीकडं."

चौदा वर्षं मी यांची भाषणं ऐकतेय. दर सप्टेंबरला. प्रत्येक वेळी ऐकताना माझ्या पाठीत कळ उठायची, ते फटके मला बसल्यासारखे. आणि अण्णा तिथं नव्हते.

उठताना विचारलं, मग तिथं कोण होतं?

"कैदी दुसरे कोण राहिले नाहीत आता. आणि पहाऱ्यावरचे — त्यांना काय विचारायचं? तो एक रसूल आहे, रस्त्यावर पंक्चर काढतो. त्याच्या दारात जाऊ नका तुम्ही. बरं दिसत नाही."

८ मे, मंगळवार

गेले.

रसूलचं दुकान सोलापूर-हैद्राबाद रस्त्यावर, ट्रकवाले थांबतात तिथं. घर मागंच. मला बघून तो उठला आणि आत गेला, बाहेरच येईना. त्याच्या बायकोनं, हमिदाबीनं, खाट टाकली. ती म्हणाली, "बसा बाई. येतेत. घाबरलेत." पन्नाशीचा माणूस मला घाबरला होता.

आला तो लांब उभा राहिला. म्हणाला, "बाई, ते चित्रात माझंच तोंड काढलंय म्हनं. चाबूकवालं. पोरं सांगत होती. मी गेलो न्हाय बघायला."

मी म्हटलं, माझ्या माणसाचंही तिथं खोटंच आहे. तुम्ही मला खरं सांगा. मारलंत का त्यांना?

हमिदाबी आत निघून गेली.

"मारलं," तो म्हणाला. "पयल्या हप्त्यात जमादारानं मारायला लावलं. माझ्याबी काठ्या पडल्यात त्यांच्या पाठीवर. खोटं बोलू न्हाय. चाबूक नव्हता. काठी व्हती."

मी खाटेची दोरी धरून बसले होते. उठून जावंसं वाटलं. त्याच्या अंगावर काहीतरी फेकावंसं वाटलं. तरी म्हटलं, पुढं सांगा.

पुढं असं. मार खाऊन ते मेले नाहीत. बरे झाले. पावसाळ्यात जेलात हगवण लागली, निम्मे कैदी आडवे. ह्यांनाही लागली. रसूल म्हणाला की तो कचेरीत औषध मागायला गेला. जमादार म्हणाला, मरू दे. "मी मागं फिरलो बाई. परत न्हाय गेलो. नोकरी व्हती." पाणी पाजत होता तो. ताक मागायचे हे. ताक कुठलं मिळायला. एक दिवस सकाळी गेले. बोरीच्या काठाला त्यानं नि दुसऱ्या शिपायानं दहन केलं. लाकडं ओली होती.

चौदा वर्षांनी मला कळलं की लाकडं ओली होती.

काही बोलले का, मी विचारलं.

"म्हणायचे, मुलगी झालीय मला. बघितली न्हाय. कुणीतरी निरोप आणला व्हता आत. ज्याला त्याला सांगायचे. मलाबी सांगितलं, दोनदा."

त्याला कुणी विचारलं नाही कधी. पोलिस ॲक्शन झाल्यावर रसूललाही त्याच जेलात टाकलं होतं, दिवाळी उलटून गेली तरी आतच. मग सोडून दिलं. त्याचंही चित्र कुठं नाही तिथं. काढणार कोण?

निघताना मी विचारलं, तोंड आठवतं का त्यांचं?

तो पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघून बोलला. "आठवतं की. डाव्या भुवईत व्हण होता, केस न्हवते तिथं. आणि वरचा दात जरासा दुसऱ्यावर चढलेला. हसले की दिसायचा."

व्हय. दात. दातावर दात.

रस्त्यानं येताना ट्रक जात होते धुरळा उडवत, आणि मी पदर तोंडाला लावून चालत होते. लोकांना वाटलं असेल धुरळ्यामुळं.

९ मे, बुधवार

भुवईतला वण विळ्याचा. लहानपणी लागलेला. मला सांगितलं होतं त्यांनी. कसं विसरले मी?

रसूलचा राग जात नाही. त्याच्यामुळंच आठवलं हेही जात नाही. दोन्ही घेऊन दिवसभर घरातली कामं केली.

१० मे, गुरुवार

रसूल जेलात यायला तयार नाही. "त्या दारातनं आत जायचं न्हाय मला परत," म्हणाला. मग महांतप्पालाच घेऊन गेले त्याच्या घरी. महांतप्पा आधी कचरला. त्यानं ज्याला लाल डोळे दिले होते तोच माणूस समोर चहा घेऊन उभा.

तिघं बसलो निंबाखाली. रसूल सांगायचा, मी म्हणायचे नाही, जबडा इतका रुंद नव्हता. मी सांगायचे, तो म्हणायचा नाही बाई, आत आल्यावर गाल बसले होते त्यांचे. मग मी म्हणायचे, मला आतला नको, बाहेरचा पाहिजे. एकदा तर भांडलोच आम्ही कानांवरनं. हमिदाबी हसली. मलाही हसू आलं, आणि लगेच लाज वाटली.

ऊन उतरायच्या वेळेला महांतप्पानं कागद फिरवून माझ्याकडं केला.

होते.

मिशा नावाला. कान जरा मोठेच. हसू दाबलेलं, पण दात दिसतोय. मोठं काही नाही त्या चेहऱ्यात. बाजारात दिसला तर कुणी वळून बघणार नाही. चोवीस वर्षांचं पोरगं. मी आता पस्तिशीची. एवढंसं पोरगं मी मनात केवढं मोठं करून ठेवलं होतं, की त्याला तोंडच उरलं नव्हतं.

महांतप्पा म्हणाला, रंगवून देतो. नको म्हटलं, असंच राहू दे.

११ मे, शुक्रवार

तुळजाला दाखवलं, रसूलनं सांगितलेलंही सगळं सांगितलं. तिनं बघितलं, खूप वेळ बघितलं आणि म्हणाली, "हे कोण?"

बाबा, म्हटलं.

"न्हाय." पाटीसारखा कागद उलटा ठेवला आणि उठली.

भाऊजींकडंही घेऊन गेले होते. त्यांनी बघितलं. चेहरा उतरला त्यांचा, एवढं खरं. म्हणाले, "दादा." एवढंच म्हणाले. मग कागद माझ्या हातात परत दिला. "वैनी, असलं न्हाय लावता येत तिथं. पोरगं दिसतंय. याला हार कोण घालंल?"

१३ मे, रविवार

प्रदर्शन संपलं आज. पटांगणात मांडव होता. माणूस मावत नव्हता, कारण कळंबहून पुढारी येणार होते. मला पुन्हा पहिली रांग, पुन्हा पांढरं पातळ. अण्णांनी माइकवरनं जाहीर केलं की वीरपत्नी दोन शब्द बोलतील. मला आधी सांगितलं नव्हतं. दोन शब्द म्हणजे 'आभार मानते' एवढंच अपेक्षित.

उठले. वर्गात चाळीस पोरींसमोर उभी राहते तशी माइकसमोर उभी राहिले.

मी म्हटलं, आत तिसऱ्या कोठडीत जे चित्र आहे ते माझ्या दिरांचं आहे. माझ्या नवऱ्याचं नाही.

कुणीतरी हसलं. मग कुणी हसलं नाही.

मी म्हटलं, माझ्या नवऱ्याचं नाव महारुद्र. जन्मात पहिल्यांदा घेतलं मी ते नाव, तेही माइकवर. म्हटलं, ते हगवणीनं गेले. त्यांना काठ्या मारल्या होत्या, पण गेले ते हगवणीनं. औषध मिळालं नाही म्हणून गेले. ताक मागत गेले. त्यांनी झेंडा लावला होता कचेरीवर आणि त्याबद्दल माफी मागितली नाही, एवढं केलं त्यांनी. माझ्या दृष्टीनं ते पुष्कळ आहे. त्याला मिशा लावायची गरज नाही.

मग म्हटलं, आजही आपल्या गावात हगवण लागली तर औषध मिळत नाही. गेल्या पावसाळ्यात माझ्या वर्गातल्या दोन पोरी गेल्या. त्यांचं कुणी चित्र काढलं नाही.

हे मी ठरवलं नव्हतं बोलायचं. आलं.

खाली बसले तेव्हा टाळ्या नाहीत. लाउडस्पीकरची घरघर तेवढी. भाऊजी समोर बघत बसले होते, कानाच्या पाळ्या लाल. मग कळंबचे पुढारी उठले आणि रस्त्यांवर बोलले.

१४ मे, सोमवार

भाऊजी दारात उभे राहून बोलले, आत आले नाहीत. "चार लोकांत नागवं केलंत मला. दादाला हगवणीनं मारलंत तुमी. चौदा वर्षं तुमचं दाणापाणी बघितलं आमी."

ते पहिली दोन वर्षंच. त्यानंतर माझ्या पगारावर चाललंय हे घर. म्हटलं नाही. ते रडत होते. हगवण म्हणताना रडत होते. त्यांनाही ठाऊक नव्हतं.

विहिरीवर बाया गप्प झाल्या मी गेल्यावर. एकजण म्हणाली, वीरपत्नी होतीस, काय मिळवलंस?

खरंच, काय मिळवलं? चिडून चिडून डोकं नुसतं भणभणतंय. तोंड परत मिळालं, तर ज्या पोरीसाठी पाहिजे होतं तीच बघत नाही त्याच्याकडं.

१६ मे, बुधवार

तुळजा आज आपणहून बोलली. मिरच्या निवडत होतो. मान वर न करता म्हणाली, "मुलगी झाली म्हणून सांगत होते ते?"

म्हटलं, व्हय. ज्याला त्याला.

"चाबकानं मारणाऱ्यालाबी?"

काठीनं. त्यालाही. दोनदा.

तिनं हातातली मिरची सुपात टाकली. मग उठून हात धुतले, कागद सुलटा केला नि खिडकीशी घेऊन गेली. "कान लई मोठे हायेत," म्हणाली. आणि हसली.

१८ मे, शुक्रवार

हमिदाबी आली होती, दोघी-तिघी बायांना घेऊन. त्यातली एक माझ्या मेलेल्या विद्यार्थिनीची आई, लक्ष्मम्मा. बसल्या. औषधाचं बोलल्या. "तुमी माइकवर बोललात तसं तिथं झेडपीत कोण बोलनार?" लक्ष्मम्मा म्हणाली. "बलभीमराव रस्त्याचं बोलत्यात. रस्त्यानं जीप जाती. माझी पोर न्हाय गेली रस्त्यानं."

मी म्हटलं, मला आत घेणार आहेत म्हणे, बायांच्या जागेवर.

"कुणी घ्यायचं? त्यांनी?" ती म्हणाली.

मी उठून चहा केला.

२१ मे, सोमवार

नोकरीत राहून उभं राहता येत नाही, म्हणून शनिवारी शाळेचा राजीनामा दिला. आज पहिल्या मोटारीनं तुळजापूरला जाऊन झेडपीचा अर्ज भरला, भाऊजींच्या विरोधात. सूचक म्हणून रसूलनं सही केली, उर्दूत. आधी नको म्हणत होता, माझ्या नावानं मतं जातील तुमची, म्हणाला. जाऊ देत, म्हटलं. तुळजा सोबत होती.

येताना छापखान्यात गेलो. पत्रकावर हुतात्म्याचं चित्र टाकायचं ना, मालकानं विचारलं.

नाही. माझं टाका.